जुनी मोड

"हात सरळ ठेवा," म्हणत एक्स-रेवाल्याने मान वर केली.

चिठ्ठीवर नाव बाईचं होतं. समोर बसला होता, नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला त्याचा धाकटा भाऊ. अंगात फुलाफुलांचा झगा, केस खांद्यापर्यंत, एक डोळा सुजून मिटलेला. उघड्या डोळ्याने तिने त्याला केव्हाच ओळखलं होतं.

"असा ठेवू का, साहेब?" तिने विचारलं.

साहेब! तो आडोशामागे गेला आणि बटण दाबलं.

मनगटाची मोड ताजी होती. बसथांब्यावर चौघांनी मारहाण केली, असं चिठ्ठीत लिहिलंच होतं. त्याची नजर मात्र कोपराखाली खिळली. तिथलं हाड पूर्वी कधीतरी मोडून वाकडंच जुळलं होतं. ओठांना रंग लावलेला दिसला म्हणून तो हात कोणी पिरगळला होता, हे कळायला त्याला डॉक्टर नको होता.

डॉक्टर आल्याच. "ही वरची जुनी मोड कशाची?"

एक्स-रेवाल्याने नजर वळवली.

"लहानपणी पडले होते," ती म्हणाली.

"बरं. सोबत कोण आहे? घरचं माणूस लागेल."

बोलणाऱ्याला पुरेल एवढा वेळ तिने जाऊ दिला. तो खाली वाकून, सरळच असलेली वायर सरळ करत राहिला.

"कोणी नाही," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"काल चौघांची नावं सांगितली, तर हवालदार हसत सुटला. म्हणे, असं नटून फिरल्यावर दुसरं काय होणार? आता तुझं नाव कोणाला सांगू, दादा?"

ती उठली. तिला आधार द्यायला त्याचा हात पुढे झाला, पण अर्ध्यावरूनच वळला आणि त्याने नुसतं दार उघडून धरलं. ती बाहेर पडली, तशा सफाईवाल्या मावशी फडकं घेऊन आत आल्या.

"साहेब, तुमच्या ओळखीतलं होतं का हो ते?"

"छे! कुठली ओळख?"

तोंडातून निघून गेलं. मग त्याने पाहिलं, दार अजून पुरतं लागलं नव्हतं.