दुसरी आठवण

"नेहमीसारखं तूच लिहून आणायचंस की! मी डोळे झाकून सही केली असती," टिपणीस मॅडम आठवणी टिपणाऱ्या यंत्राची पट्टी कपाळावर बांधून घेत म्हणाल्या.

"हल्ली शिफारसपत्रं चालत नाहीत, मॅडम," ओजस म्हणाला. "एमबीएच्या प्रवेशाला जुन्या साहेबांची आठवणच पाठवावी लागते."

डेअरीत तो पाच वर्षं त्यांच्या हाताखाली होता. दूध नासणं निम्म्यावर आणणारा त्याचा अहवाल आठवा, एवढंच त्याचं मागणं होतं. मॅडमनी डोळे मिटले आणि त्याच्या टॅबवर चित्र उमटलं.

काचेचं बंद दार. त्यापलीकडे जेवणाच्या सुट्टीतलं रिकामं ऑफिस, आणि रेश्मा कोळेकरच्या कॉम्प्युटरवर बसून अहवालावरचं तिचं नाव पुसणारा, तिथे स्वतःचं टाकणारा ओजस. अलीकडून मॅडमचा हात दाराच्या मुठीवर टेकला, क्षणभर थांबला आणि मागे आला.

चित्राखाली यंत्रानं त्या क्षणाची भावना नोंदवली: शरम.

ओजसचे कान तापले. "चुकलं माझं, मॅडम."

"ती शरम माझी आहे रे. तेव्हा मी आत यायला हवं होतं." मॅडम डोळे उघडून त्याच्याकडे पाहत होत्या. "कुठे असते रेश्मा आता?"

ओजसला माहीत नव्हतं. त्यानं कधी चौकशीच केली नव्हती.

कपाळावरची पट्टी सारखी करत मॅडम म्हणाल्या, "दुसरं काहीतरी आठवून बघू का?"

नको, असं म्हणायला ओजसनं तोंड उघडलं. पण बोटानं तोवर ते चित्र पुसून टाकलं होतं.

मॅडमनी पुन्हा डोळे मिटले.