शेजारचा वाफा

आठवड्याच्या रजेवरून परतलेल्या डॉक्टर खटावकरांनी गव्हाचे वाफे पाहिले आणि कपाळाला हात लावला. अकरा हिवाळे खपून त्यांनी मावा किडीला दाद न देणारा वाण घडवला होता. तुलनेसाठी शेजारी साधा गहू पेरून त्यावर जावयासारखी कीड पोसली होती. आज, निवृत्तीच्या तोंडावर, मान्यता समिती यायची होती आणि दोन्ही वाफे सारखेच हिरवेगार!

"पाहुण्यांपुढं शोभा नको, म्हणून त्या किडक्या वाफ्यावर दोनदा औषध मारलं, साहेब," शेतमजूर केरूमामा मिशीवर ताव देत म्हणाले.

समितीच्या अध्यक्षांनी सारी हकिकत ऐकली आणि फायलीवर शेरा लिहिला, "फरक आढळला नाही. पुढील हिवाळ्यात पुन्हा पाहावे."

मग स्वतःची डायरी उघडून ते केरूमामांकडे वळले.

"मामा, औषध कोणतं मारलंत?"