आखडलेली मोटार

युद्धामुळं पेट्रोल रेशनवर मिळायचं, त्या दिवसांत निपाणीचे तंबाखूवाले जिनाप्पा वर्षभराच्या लकव्यातून उठून जुन्या मोटारीत बसले, पण स्टेअरिंग काही केल्या फिरेना. "हात गेला गं. गाडी इकून टाकू," ते खचून म्हणाले. राजमतीनं नवऱ्याला उतरवलं, पदर खोचला आणि स्वतः जोर लावला. "अहो, माझे दोन्ही हात धड हाईत, मलाबी फिरत न्हाय! गाडीच आखडलीया." जिनाप्पांना हुरूप आला. त्यांनी पुढची चाकं जॅकवर उचलायला लावली. ज्या खिळींवर ती वळतात, त्या खिळी वर्षभर गाडी उभी राहिल्यानं वंगणाविना सुकून घट्ट बसल्या होत्या. ते सांगत गेले, राजमती तेल सोडून चाकं हलवत राहिली. दुपारपर्यंत स्टेअरिंग त्यांच्या त्याच हातानं अलगद फिरलं. "कुठं नेऊ तुला?" त्यांनी विचारलं. डोळे पुसत ती शेजारी बसली. "कुठंबी न्या. रेशनचं पेट्रोल संपलं तरी चालंल, पर लई वळणाचा रस्ता घ्या."