काळी मेंदी

निकाहच्या दिवशी सकाळी अलिशाचे डोळे उघडेनात. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या, कपाळ कानापर्यंत लालभडक झालं होतं. तळोद्याहून बारात निघाल्याचा फोन येऊन गेला होता. आयेशानं लेकीच्या तोंडावरून ओढणी घेतली आणि रिक्षानं तिला शहाद्यातल्या डॉक्टर दिपालीबाईंच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि केसांना काय लावलं ते विचारलं. काळी मेंदी, आयेशा म्हणाली. परवा अलिशाच्या चुलत बहिणीनं, महजबीननं, पुडी कालवून लावली होती. तीच पुडी महजबीननं स्वतःलाही लावली. तिला काही झालं नव्हतं.

"हिला हा रंग आधी कधीतरी लागलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्यांदा रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला नुसत्या ओळखून ठेवतात. पुन्हा भेटला की तुटून पडतात."

आयेशानं ठाम नाही सांगितलं. पोरीच्या केसांना आजवर तेलाशिवाय काही लागलं नव्हतं. अलिशा उजव्या हातानं डावा दंड दाबून बसली होती.

घरी आल्यावरही तिनं दंड सोडला नाही. बाहेर देगचीखाली जाळ पेटला होता, बायका नवरीला सजवायला खोळंबल्या होत्या. आयेशानं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि लेकीची बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला लाल वळ उठले होते. तिथं ना पुडी लागली होती, ना काल रात्री हातांवर काढलेली पाल्याची मेंदी. ती मनगटापर्यंतच होती. आणि वळ वेडेवाकडेही नव्हते. कुणी काडीनं रेखावेत तसे ते वळत होते, एकमेकांना जोडले जात होते.

तिनं डॉक्टरांना फोटो पाठवला. डॉक्टरांचा लगेच फोन आला, पण त्या जरा जपूनच बोलल्या. जत्रेत वगैरे पोरीनं काळ्या मेंदीनं दंडावर काही काढून घेतलं होतं का, त्यांनी विचारलं. त्यातही हाच रंग असतो. तो काही दिवसांत जातो, पण त्या पेशींतल्या काही तिथंच कातडीत मुक्काम करतात, कधी कधी वर्षानुवर्षं. आता डोक्यावाटे रंग अंगात उतरला आणि त्या जाग्या झाल्या.

"जे काढलं होतं ते आणखी स्पष्ट दिसेल," त्या म्हणाल्या.

आयेशा दंडाकडे बघत बसली. रेघा फुगत गेल्या. अक्षरं लागली.

मुबीन.

आफताबचा, नवरदेवाचा, थोरला भाऊ. लेकराबाळांचा बाप. हे स्थळ त्यानंच आणलं होतं. देणंघेणं काही नको, मुलगी तेवढी आमच्या घरात द्या, म्हणून पुन्हा पुन्हा येऊन बसला होता. आयेशानं त्याच्यासाठी दुवा मागितली होती.

अलिशाला डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण अम्मीचा श्वास थांबलेला तिला कळला. मग तिनं सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, जत्रेत, पाळण्याच्या मागं. त्यानं दंड घट्ट धरला आणि काळ्या मेंदीवाल्याला त्यावर स्वतःचं नाव काढायला लावलं. नाव गेलं, खाज राहिली. तीही तिनं लांब बाहीखाली सोसली. स्थळ आलं तेव्हा त्याचा निरोप आला होता: बोललीस तर बदनामी तुझीच होईल.

"मी नको नको सांगेल व्हतं, अम्मी."

गल्लीत गाड्यांचे हॉर्न वाजले. बायका उठल्या. थोड्या वेळानं खोलीच्या दारावर टकटक झाली आणि मुबीनचा आवाज आला, नवरी तयार आहे ना, काझीसाहेब बसलेत.

आयेशानं लेकीची बाही खाली ओढली आणि दाराला आतून कडी लावली. त्याला तिनं नेहमी भाईसाब म्हटलं होतं.

"बारात माघारी लई जा," ती बंद दाराआडून म्हणाली. "काबर, ते तुले ठाऊक शे."