दोन गाड्यांचा फरक

मूल गावाच्या रस्त्याला कडुलिंबाखाली बसून रोशन आठवडाभर रस्त्याच्या सर्वेक्षणासाठी वाहनं मोजत होता. एका गाडीला एक रेघ. फक्त विक्कीची लाल मोटारसायकल आली की त्याचा पेन उठत नसे. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, मागे दिव्यानी बसलेली असे, विक्कीच्या खांद्यावर हात ठेवून.

पडताळणीसाठी खांबावर लावलेल्या, वाहनं मोजणाऱ्या कॅमेऱ्याला असला जळफळाट नव्हता. त्याचा आकडा रोज दोनाने जास्त निघे, आणि रोशनला साहेबांची बोलणी खावी लागत.

सातव्या दिवशी दिवेलागणीला साहेबांनी दोन्ही आकडे ताडून पाहिले. "सुधारलास रे. आज एकच गाडी सुटली."

रोशनने रस्त्याकडे पाहिलं. सकाळी दिव्यानीच्या मांडीवर कपड्यांची मोठी बॅग होती.

"सुधारलो नाई, साहेब," तो म्हणाला. "आज ते दोघं वापसच नाई आले."