नाशवंत माल

आठवड्यात तिसऱ्यांदा आमची पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी केली, तेव्हा नवऱ्याला डब्यात बसवून मी तडक स्टेशन मास्तरांची खोली गाठली.

"साहेब, दहाला यांचं डायलिसिस आहे. आणि तुम्ही कोळसा पुढे काढताय?"

"ताई, सरकारनं ही गाडी मालगाडीवाल्या कंपनीला चालवायला दिलीय. रूळ त्यांचे, नियम त्यांचे. आधी माल, मग माणसं."

"तक्रारवही द्या."

"वही नाही, फॉर्म आहे." ओशाळून त्यांनी कागद पुढे सरकवला.

फॉर्मसुद्धा मालाचाच! माझं डोकंच फिरलं. मालाचा प्रकार? लिहिलं, नवरा. वजन? अठ्ठेचाळीस किलो, गेल्या वर्षी एकसष्ट होतं. शेवटी विचारलं होतं, माल नाशवंत आहे काय? 'होय'वर मी अशी खूण केली की कागदच फाटला.

मास्तर वाचत वाचत त्या खुणेपाशी थांबले. "नाशवंत लिहिलंत?"

"मग? खोटं आहे का?"

"नाही हो. नाशवंत माल असेल ती गाडी आधी सोडायची, हा कंपनीचाच नियम आहे." त्यांनी फोन उचलला आणि माझा फॉर्म पलीकडच्या माणसाला शब्दन् शब्द वाचून दाखवला.

पाच मिनिटांत कोळशाला लाल सिग्नल पडला. मी धावत डबा गाठला आणि गाडी हलली.

"काय सांगितलंस गं त्यांना?" नवऱ्यानं विचारलं.

"गप बसा. कोथिंबीर आहात म्हणून सांगितलंय."