फळी धरायला कुणीतरी

आई होती तोवर आमच्याकडे फळी पकडायचा शिकंजा लागला नाही. नौपाड्यातल्या चाळीच्या गॅलरीत बाबा स्टुलं, पाट बनवायचे आणि ते करवत चालवताना फळीचं दुसरं टोक आई धरायची. तुकडा पडायच्या बेताला आला, की बाबा म्हणायचे, "सोड गं."

ती गेली त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, बाबांनी वागळे इस्टेटमधल्या भंगारवाल्याकडून जुना जाड स्क्रू आणला. सागाचे दोन जबडे करून तो शिकंजा बाकड्याला बसवला. लाकडावर वळ उठू नयेत म्हणून जबड्यांना आतून आईच्या लुगड्याची पट्टी चिकटवली.

पहिलीच फळी कापताना सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "सोड गं."

कुणी हात न लावता शिकंज्याचा दांडा फिरला. फळी सैल झाली.

"स्क्रूचे आटे झिजले असतील, बाबा," मी म्हटलं.

"असतील," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरी फळी लावली. दर वेळी ते तेच म्हणत, आणि दर वेळी दांडा फिरे.

आईच्या वर्षश्राद्धाचे पाहुणे पांगल्यावर मी गॅलरीत गेले. बाकड्यावर फळी नव्हती. बाबांनी जबड्यांमध्ये आपला पंजा ठेवला होता.

"धर गं," ते म्हणाले.

दांडा सावकाश फिरू लागला. जबडे मिटत आले. बाबांची बोटं पांढरी पडली, तरी तो फिरतच होता.

"बाबा, सोड म्हणा ना! तुम्ही म्हटलं की सोडते ती!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.